बॅ. नाथ पै आणि संसदेचा अधिकार

संसदेत विरोधी बाकांवर बसणाऱ्या सभासदाच्या हाती सत्ता नसते, मंत्रिपदाची आशा नसते आणि बहुमताचे पाठबळही नसते. असा सभासद राष्ट्राच्या घटनेच्या वाटचालीवर आपला ठसा उमटवू शकतो काय? बॅ. नाथ पै यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर देते.

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे जन्मलेल्या नाथ पै यांचे तारुण्य बेचाळीसच्या लढ्यात तावूनसुलाखून निघाले. पुढे लंडनमध्ये ते बॅरिस्टर झाले आणि तेथेच युरोपातील समाजवादी युवक चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध आला. १९५४ मध्ये समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परदेशात मानाचे स्थान मिळवूनही त्यांनी कार्यक्षेत्र म्हणून निवडले ते दरिद्री, उपेक्षित कोकण. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ साली, प्रजासमाजवादी पक्षातर्फे ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ आणि १९६७ मध्येही मतदारांनी त्यांच्यावरच विश्वास टाकला.

त्यांचे वक्तृत्व ओघवते होते. परंतु केवळ वक्तृत्वावर संसदपटू घडत नाही. त्यांच्या भाषणामागे अभ्यासाची बैठक होती. परराष्ट्रधोरण असो, गोवामुक्ती असो वा कोकण रेल्वेची मागणी असो, विषयाच्या मुळाशी जाऊनच ते बोलत. १९६० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी संप पुकारला, तेव्हा ते त्या सामान्य कारकुनाच्या बाजूने ठामपणे उभे राहिले.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९६७ मध्ये. त्या वर्षी २७ फेब्रुवारीला गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. दोन महिनेही उलटले नाहीत तोच नाथ पै यांनी खासगी विधेयक मांडले. घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार निःसंदिग्ध व्हावा, हा त्याचा हेतू. मालमत्तेच्या हक्काच्या आडोशाने सामाजिक सुधारणा अडून राहतील, ही त्यांची चिंता होती. उलट, आज जमीनदाराच्या हक्कावर चालणारे शस्त्र उद्या नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्यावर चालणार नाही याची हमी कोण देणार, असा टीकाकारांचा सवाल होता. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर प्रदीर्घ चर्चा झाली. पण डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते तसेच राहून गेले.

त्यानंतर महिनाही लोटला नव्हता. सीमालढ्यातील हुतात्म्यांना आदरांजली वाहण्यासाठी नाथ पै बेळगावला गेले. तेथील सभेतील भाषण हे त्यांचे अखेरचे भाषण ठरले. १८ जानेवारी १९७१ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्यांच्या विधेयकाचे तत्त्व सरकारनेच स्वीकारले. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही, अशी मर्यादाही घातली.

ही मर्यादा किती आवश्यक होती, हे आणीबाणीने दाखवून दिले. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनादुरुस्त्या न्यायालयीन तपासणीबाहेर नेण्याचा प्रयत्न केला. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात तो रद्दबातल ठरला. म्हणजे टीकाकारांची भीती अनाठायी नव्हती. तथापि नाथ पै यांचा आग्रहही निराधार नव्हता. जनतेने निवडलेल्या सभागृहाचे हात कायमचे बांधले गेले, तर शांततामय परिवर्तनाचा मार्ग खुंटतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचा विश्वास संसदेवर होता, आणि त्या विश्वासामागे एक अपेक्षा गृहीत होती: सभासद जागरूक असेल, अभ्यासू असेल आणि सत्तेपुढे वाकणार नाही. ही अपेक्षा त्यांनी स्वतः पूर्ण केली.

संसदेचे सामर्थ्य घटनेच्या कलमांत जितके असते, तितकेच ते सभासदांच्या शीलात असते. तसे सभासद निवडून पाठविण्याची जबाबदारी मात्र मतदारांचीच राहते. नाथ पै यांचे स्मरण करताना या जबाबदारीचा विसर पडून चालणार नाही.