कारीचे कान्होजी नाईक जेधे

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जात असताना स्मरणिकेसाठी आपल्या मुलखातील एका थोर पुरुषाचे चरित्र मी लिहून द्यावे, असा समितीच्या ज्येष्ठ मंडळींनी आग्रह धरला. मी काही इतिहासकार नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत, आणि नोकरी तालुका कचेरीत कारकुनाची. सातबारा, फेरफार, वारसनोंदी यांतच माझी हयात गेली. म्हणूनच की काय, मला आठवण झाली ती कान्होजी नाईक जेधे यांची. जमिनीसाठी माणूस काय करतो हे मी रोज पाहतो. जमीन सोडणारा माणूस मात्र मला कागदातच भेटला.

भोर तालुक्यातील कारी हे जेध्यांचे गाव. रोहिडखोऱ्याची देशमुखी त्यांच्याकडे होती. देशमुख म्हणजे नुसता वसूल घेणारा नव्हे. पडीक रान लागवडीस आणणे, कुळे वसवणे, तंटे मिटवणे आणि वेळ आली की आपल्या माणसांनिशी तलवार घेऊन उभे राहणे, हे सारे त्याच्याकडेच असे. मावळ म्हणजे भाताची खाचरे आणि डोंगरउतारावरची नाचणी-वरी. असल्या रानात एकेक खाचर बांधायला पिढ्या लागतात. तेव्हा वतन हीच घराण्याची भाकरी होती आणि तीच अब्रू.

याच वतनापायी कान्होजींच्या जन्माच्या सुमारास घरात रक्त सांडले. वडील नाईकजी यांचा भाऊबंदांनीच घात केला. तान्ह्या कान्होजींना देवजी महाला या इमानी माणसाने वाचवले आणि ते मोसे खोऱ्यात बाजी पासलकर यांच्या आश्रयाला वाढले. पुढे पासलकरांनी आपली कन्या सावित्रीबाई त्यांना दिली. पुणे शहराला पाणी देणाऱ्या वरसगाव धरणाच्या जलाशयाला ज्यांचे नाव दिले आहे, ते हेच वीर बाजी पासलकर. पोरके लेकरू ज्यांनी पदरात घेतले त्यांच्या नावाचे पाणी आज लाखो लोक पितात, हे सहज आठवले म्हणून लिहिले.

मोठे झाल्यावर कान्होजींनी वतन परत मिळवले. आदिलशाही चाकरीत शहाजीराजांशी त्यांचा ऋणानुबंध जडला, तो शेवटपर्यंत टिकला. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा कान्होजीही कैदेत पडले. १६ मे १६४९ रोजी सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात परत जाऊन शिवाजीराजांच्या पाठीशी उभे राहण्यास सांगितले. कान्होजींनी शपथ घेतली. त्या वेळी ते मुलाबाळांचे, जाणते वडीलधारे झाले होते आणि शिवाजीराजे विशीचेही नव्हते. अनुभवी माणसाला तरुणाच्या हुकमाखाली वागणे किती जड जाते हे आपण घरोघरी पाहतो. कान्होजींना ते जड गेल्याचे कुठे दिसत नाही.

खरी कसोटी १६५९ साली लागली. अफजलखान मोठी फौज घेऊन निघाला आणि विजापूर दरबारातून मावळच्या देशमुखांना फर्माने सुटली. कान्होजींच्या नावचे फर्मान १६ जून १६५९ चे आहे. खानाला मिळावे, नाहीतर परिणाम भोगावा, असा त्याचा आशय. शेजारच्या उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजींनी फर्मान दडवले नाही. पाचही मुलांना बरोबर घेऊन ते शिवाजीराजांपुढे गेले आणि फर्मान दाखवले. मुलाबाळांचे व वतनाचे काय होईल याची जाणीव राजांनी त्यांना दिली, तेव्हा कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले.

पाणी सोडणे हा शब्द आपण बोलताना सहज वापरतो. माझ्या टेबलापुढे सख्खे भाऊ हातभर बांधासाठी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. अशा वेळी ते पाणी मला आठवते. ज्या वतनासाठी बापाचा जीव गेला, तेच वतन या माणसाने पाच मुलांच्या देखत सोडले. पाचांपैकी एकानेही हरकत घेतल्याची नोंद नाही. घरच्या कर्त्या पुरुषाचा शब्द तेव्हा असा चालत असे.

राजांच्या सांगण्यावरून कुटुंबकबिला तळेगाव ढमढेऱ्यास हलवला गेला. मग कान्होजींनी मावळातील इतर देशमुखांना एकत्र करून राजांच्या बाजूस उभे केले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली खान पडल्यावर जावळीच्या रानात त्याच्या फौजेवर जे मावळे तुटून पडले, त्यांत जेधे आणि बांदल आघाडीवर होते.

पुढे खंडोजी खोपडे यांच्या जीवासाठी रदबदली करण्यास त्यांचे सोयरे कान्होजींकडे आले. कान्होजींनी फितूर शेजाऱ्यासाठीही राजांपुढे शब्द टाकला. राजांनी जीव राखला, पण खंडोजींचा एक हात व एक पाय तोडला. कान्होजींच्या मनाला ते लागले. तरी त्यांनी राजांची साथ सोडली नाही.

जेधे आणि बांदल यांचे पूर्वीपासून हाडवैर होते. तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बांदलांच्या माणसांनी बाजीप्रभूंबरोबर प्राण वेचले, त्यानंतर तो मान बांदलांना देण्यात आला आणि जेध्यांनी तो आनंदाने सोडला. एकदा जमीन सोडली, एकदा मान सोडला. माझ्या मते दुसरे अधिक कठीण.

हे सर्व आपल्याला कळते ते जेध्यांच्या घरातील कागदांमुळे. कारीचे दयाजीराव जेधे यांनी जपलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यातच मिळाली. कागद सांभाळणाऱ्या माणसाला याचे मोल अधिक वाटते, एवढे बोलण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. याच घराण्यातील केशवराव जेधे (१८९६ ते १९५९) यांनी शेतकरी कामगार पक्षाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. एस.टी.ने स्वारगेटला उतरणाऱ्यास जो जेधे चौक लागतो, तो त्यांच्या नावाचा.

कान्होजींची समाधी भोरजवळ आंबवड्यास, नागेश्वराच्या देवळाशेजारी आहे. जिवा महाला यांचीही समाधी तिथेच आहे. देवदर्शनास जाणाऱ्या मंडळींनी चार पावले पुढे जाऊन तिथेही फूल वाहावे.