चंद्राचें पहिलें छायाचित्र घेणारे डॉ. ड्रेपर

कॅमेरा प्रथम हातीं आला म्हणजे मुलें आधीं घरच्या मंडळींचे फोटो घेतात, मग अंगणांतल्या फुलांचे, आणि एखाद्या पौर्णिमेस तो कॅमेरा चंद्राकडे रोखतात. डोळ्यांस डागांसकट स्पष्ट दिसणारा चंद्र फोटोंत मात्र नुसता पांढरा ठिपका होऊन उमटतो. असे ठिपके आमच्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस पुष्कळ वेळां खिन्न मुद्रेनें दाखविले आहेत. त्यांस धीर यावा म्हणून, या कामांत जगांत प्रथम यश ज्यांस आलें असें मानितात, त्या डॉ. जॉन विल्यम ड्रेपर यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ड्रेपर यांचा जन्म ५ मे १८११ रोजीं इंग्लंडांतील लॅंकेशर परगण्यांत सेंट हेलेन्स या गांवीं झाला. त्यांचे वडील वेस्लियन मंडळीचे फिरते उपदेशक होते. आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं असें बिऱ्हाड. तरी त्या घरांत पवित्र शास्त्राबरोबर एक दुर्बीणहि होती. अकराव्या वर्षीं जॉनला वुडहाउस ग्रोव्ह येथील शाळेंत घातलें. ती शाळा वेस्लियन मंडळीनें आपल्या उपदेशकांच्या मुलांकरितां काढलेली होती. पुढें १८२९ सालीं तो लंडनच्या नव्या विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकूं लागला. परंतु १८३१ मध्यें वडील वारले आणि घराचा आधार गेला.

दुसऱ्या वर्षीं आई, पत्नी व तीन बहिणी यांसह हा एकवीस वर्षांचा तरुण अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतीं गेला. तेथील एका मेथडिस्ट विद्यालयांत शिक्षकाची जागा मिळेल अशी त्यास आशा होती. पण पोंचण्यास उशीर झाला आणि जागा हातची गेली. मुलूख परका, खाणारीं माणसें पुष्कळ, आणि हाताला काम नाहीं! अशा वेळीं त्याची वडील बहीण डॉरोथी कॅथरिन पुढें झाली. तिनें मुलींची शाळा काढली, चित्रकला शिकविली, आणि त्या मिळकतींतून भावाच्या शिक्षणाची सोय केली. त्या बळावर ड्रेपर यांनीं पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास केला व १८३६ सालीं ते डॉक्टर झाले. अशा बहिणी आमच्याकडेहि घरोघरीं आहेत. त्यांचीं नांवें मात्र क्वचितच कोठें छापून येतात.

त्यानंतर कांहीं काळ हॅम्पडन-सिडनी कॉलेजांत शिकवून ड्रेपर १८३९ मध्यें न्यूयॉर्क विद्यापीठांत अध्यापक झाले. त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिस येथें लुई दागेर यांची छायाचित्राची कृति प्रसिद्ध झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यावयाचा, तो आरशासारखा घासावयाचा, त्यास आयोडिनाची वाफ द्यावयाची, कॅमेऱ्यांत ठेवून त्यावर प्रकाश पाडावयाचा, आणि नंतर पाऱ्याच्या वाफेनें चित्र प्रकट करावयाचें, अशी ती कृति होती. प्रकाशाचे रासायनिक परिणाम हा ड्रेपर यांच्या आवडीचा विषय. ते तत्काळ या कामास लागले.

त्या पत्र्यावर चंद्र उमटविणें सोपें नव्हतें. खुद्द दागेर यांनीं तो प्रयत्न करून पाहिला होता, पण तो साधला नव्हता. एक तर त्या पत्र्यास चांदणें फार अपुरें पडे. पुष्कळ वेळ प्रकाश पाडावा, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळें चंद्र एका जागीं राहत नाहीं. वीस मिनिटांत तो आकाशांत आपल्या रुंदीच्या सुमारें दसपट सरकतो. म्हणून ड्रेपर यांनीं घड्याळाच्या यंत्रानें फिरणाऱ्या आरशाचा उपयोग केला. चंद्र सरके तसा आरसा वळे, आणि किरण भिंगांतून पत्र्यावर एकाच ठिकाणीं पडत राहत. अखेर वीस मिनिटांच्या प्रयोगानें सुमारें एक इंच रुंदीचें चंद्रबिंब उमटलें, आणि २३ मार्च १८४० रोजीं न्यूयॉर्कच्या एका शास्त्रीय मंडळाच्या सभेंत त्यांनीं तें वृत्त सांगितलें.

मुलांनो, हें पहिलें चित्र कसें होतें? चंद्राच्या आकाराचा एक डाग, आणि त्यांत चंद्रावरील काळ्या प्रदेशांच्या जागा अंधुकपणें ओळखूं येत, इतकेंच. तुमच्या पांढऱ्या ठिपक्याची लाज तुम्हांस कां वाटावी?

त्याच वर्षीं ड्रेपर यांनीं आपल्या त्या वडील बहिणीचेंहि छायाचित्र घेतलें. उन्हांत मिनिटाहून अधिक वेळ ती बाई निश्चल बसून राहिली. तिचें तें चित्र अगदीं आरंभींच्या मानवी छायाचित्रांपैकीं एक म्हणून आजहि प्रसिद्ध आहे. जिनें भावास उभें केलें, तिची मुद्रा अशा रीतीनें जगापुढें राहिली.

आतां नवशिक्यांसाठीं दोन शब्द. चंद्र रात्रीं दिसतो खरा, पण तो सूर्याच्या उन्हांत न्हालेला खडक आहे; म्हणून आजच्या कॅमेऱ्यास सेकंदाचा शंभरावा भागहि बहुधा पुरतो. कॅमेरा आपण होऊन वेळ ठरवूं लागला, तर काळें आभाळ पाहून तो प्रकाश जास्त घेतो आणि चंद्राचा ठिपका होतो. कॅमेरा तिपाईवर ठेवावा व कळ दाबतांना तो हलूं देऊं नये. पौर्णिमेपेक्षां शुद्ध अष्टमीच्या सुमाराचा चंद्र घ्यावा. उजेड व अंधार यांच्या सीमेवर डोंगरांच्या सांवल्या लांब पडतात व खळगे उठून दिसतात.

ड्रेपर यांचें पुढील आयुष्य अध्यापनांत व लेखनांत गेलें. १८७६ मध्यें अमेरिकन केमिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्यांचे पुत्र हेन्री यांनीं पित्याचें काम पुढें नेलें, आणि १८८० सालीं मृगशीर्षांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें. १८७४ मध्यें ड्रेपर यांनीं धर्म व विज्ञान यांच्या विरोधाचा इतिहास लिहिला. त्यांतील मत आम्हांस मान्य नाहीं, आणि विज्ञानाचे आजचे इतिहासकारहि तें एकांगी समजतात. ज्याच्या घरीं उपदेशक पित्यानें दुर्बीण ठेविली आणि ज्यास मंडळीच्या शाळेनें शिकविलें, त्याचें स्वतःचें आयुष्यच त्या मतास उत्तर आहे. तरी मतभेदास्तव त्यांची थोरवी आम्ही लपविणार नाहीं. सत्य कोणाच्याहि हातून येवो, तें देवाचेंच आहे. ४ जानेवारी १८८२ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

प्रकाशाविषयींचा एक नियम त्यांच्या नांवानें ओळखला जातो. पदार्थावर नुसता पडलेला प्रकाश त्यांत रासायनिक बदल घडवीत नाहीं. जो प्रकाश पदार्थ आपल्या आंत शोषून घेतो, तोच बदल घडवितो. आमच्या विद्यार्थ्यांवरहि रोज पुष्कळ प्रकाश पडतो: आईबापांच्या कष्टांचा, बहिणीच्या मायेचा, गुरुजनांच्या शिकवणीचा. पित्याचा, शाळेचा आणि बहिणीचा प्रकाश ड्रेपर यांनीं आंत घेतला, म्हणून त्यांच्या हातून चंद्र उमटला. आमच्या मुलामुलींनींहि तसेंच करावें, एवढीच आमची इच्छा व प्रार्थना आहे.