जंगलात जीव कसा सांभाळायचा? उत्तर जिम कॉर्बेटच्या आयुष्यात आहे

२०२४ च्या मार्च महिन्यात वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला आणि वसईकरांची झोप उडाली. वनविभागानं पिंजरे लावले, जवळपास २५ दिवसांनी तो सापडला. शेजारच्या तुंगारेश्वर अभयारण्यात तर बिबट्यांचा वावर कायमचाच. तरी पावसाळा लागला की वसई-विरारचे ग्रुप धबधबे आणि डोंगर गाठतातच.

पण अशा जंगलात वावरायचं कसं? ते ज्याला पक्कं ठाऊक होतं, तो माणूस म्हणजे जिम कॉर्बेट. नरभक्षक मारणारा शिकारी ही त्याची ओळख. पण ती अर्धीच.

आवाज ओळखणारा पोरगा

कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते वारले. हिवाळ्यात हे कुटुंब खाली कालाढुंगीला राहायला यायचं. घराला लागूनच जंगल. वानर ओरडलं, चितळानं इशारा दिला, की जवळ कोण फिरतंय हे तो पोरवयातच ओळखायला लागला.

एकदा तो कोंबड्यांच्या मागावर झुडपाआड दबा धरून होता. त्याच झुडपातून पलीकडे वाघ बाहेर पडला. वाघानं वळून पाहिलं आणि शांतपणे निघून गेला. विनाकारण वाघ माणसाच्या वाटेला जात नाही, हे त्याच्या मनात तेव्हाच बसलं.

नरभक्षक का होतात?

तरुणपणी तो रेल्वेत लागला. बिहारमधल्या मोकामा घाटावर माल उतरवण्या-चढवण्याचं कंत्राट त्यानं सुमारे २० वर्षं सांभाळलं. त्याच काळात कुमाऊंच्या गावांतून त्याला बोलावणी येऊ लागली.

१९०७ साली त्यानं चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. मेलेल्या वाघिणीचं तोंड तपासलं तर उजवीकडचे सुळे तुटलेले. आधी कुणाची तरी गोळी लागली होती. मुक्तेश्वरच्या वाघिणीच्या अंगात साळिंदराचे काटे रुतले होते, एक डोळाही गेला होता. नेहमीची शिकार जमेना, म्हणून या वाघिणी माणसांकडे वळल्या होत्या. शिकाऱ्यांनी जखमी करून सोडलेलं जनावर गावासाठी किती धोक्याचं असतं, हेही यातून समोर आलं.

१९२६ साली त्यानं रुद्रप्रयागचा बिबट्या मारला. आठ वर्षांत त्यानं १२५ माणसं मारली होती, तीही रात्रीच्या अंधारात.

पुढं कॉर्बेटच्या हातात बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त दिसू लागला. १९३६ मध्ये भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्याचेही प्रयत्न होते.

६८ व्या वर्षी मास्तर

१९४४. दुसरं महायुद्ध सुरू होतं. ब्रह्मदेशच्या जंगलात लढणाऱ्या सैनिकांना तिथं टिकून राहायला शिकवायचं होतं. त्यासाठी कॉर्बेटला लेफ्टनंट कर्नल करून प्रशिक्षक नेमलं. मलेरियानं अंथरूण धरेपर्यंत तो शिकवत राहिला. त्याच वर्षी त्याचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक मुंबईतून प्रसिद्ध झालं. पहिल्या आवृत्तीचं मानधन त्यानं युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांच्या संस्थेला दिलं.

मग ट्रेकरनं काय घ्यायचं?

कॉर्बेट जंगलात आवाज न करता चालायचा. ते मात्र आपण करायचं नाही. तो जनावराच्या मागावर असायचा, आपल्याला त्याच्या वाटेत यायचं नाहीये. म्हणून बोलत चाला, म्हणजे जनावराला आधीच चाहूल लागते. घ्यायचं ते त्याचं लक्ष. ताजे ठसे दिसले, वानरं एकाच दिशेला बघून ओरडू लागली, तर मागे फिरा. कानात इअरफोन असेल तर यातलं काहीच कळणार नाही.

बिबट्या समोर आला तर पळू नका, वाकू नका. मुलांना जवळ घ्या, हात वर करून मोठे दिसा आणि त्याच्यावर नजर ठेवत हळूहळू मागे सरका. मुक्काम परवानगी असेल तिथेच करा. उरलेलं अन्न उघड्यावर टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

मेळघाट-ताडोबाकडे गेलात तर गाठ अस्वलाशीही पडू शकते. ते सहसा दचकून हल्ला करतं. मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत भल्या पहाटे झाडांखाली जाणं धोक्याचं. झाडावर चढूनही उपयोग नाही, अस्वलही चढतं. हल्ला झालाच तर पालथं पडा आणि दोन्ही हातांनी मान झाका.

वन्यप्राणी वस्तीत शिरला तर गर्दी करून व्हिडिओ काढत बसू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

कॉर्बेट १९४७ साली बहीण मॅगीसोबत केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ ला तिथंच वारला. पुढं त्या राष्ट्रीय उद्यानाला त्याचं नाव दिलं गेलं. १९७३ मध्ये देशातला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तोही तिथूनच.