फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे दुखणे

हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा धडा आपणांपैकी बहुतेकींनी शाळेत वाचला असेल. पण तो दिवा त्यांच्या हाती जेमतेम पावणेदोन वर्षे होता. त्यानंतरची कितीतरी वर्षे बाईंनी अंथरुणावर काढली. मंडळाच्या या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राची हीच बाजू भगिनींपुढे ठेवावी असे मनात आले.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव मुलीला ठेवले. श्रीमंताघरच्या मुलीने रुग्णांची शुश्रूषा करावी हे त्या काळी कमीपणाचे मानीत. आईचा व बहिणीचा विरोध सोसून त्यांनी १८५१ साली जर्मनीत कैसर्सवेर्थ येथे हे शिक्षण घेतले. क्रिमियाचे युद्ध पेटले तेव्हा, १८५४ च्या नोव्हेंबरात, अडतीस परिचारिकांसह त्या तुर्कस्थानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथील कार्य सर्वश्रुतच आहे.

मे १८५५ मध्ये क्रिमियात त्यांना जबर ताप आला आणि त्या मरणाच्या दारातून परतल्या. ताप उतरला, पण पूर्वीची शक्ती पुन्हा आली नाही. मायदेशी परतल्यावर वर्षभरातच, १८५७ च्या ऑगस्टमध्ये, त्या कोसळल्या. छातीत धडधड, धाप, झोप नाही, अन्नावर वासना नाही आणि सदैव ग्लानी! पुढे पाठीच्या कण्यात असह्य वेदना सुरू झाल्या. काही वर्षे त्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उचलून न्यावे लागे. १८५७ साली वय होते अवघे सदतीस. बाई आता फार दिवस काढीत नाहीत, असेच सर्वांना वाटले.

परंतु त्या नव्वद वर्षे जगल्या. अंथरुणावरूनच १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उभी केली. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी निघाली, तेव्हा येथील छावण्यांकडून आलेली कागदांची चळत त्यांनी बिछान्यातच तपासली. तो अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. आपला देश त्यांनी कधी पाहिला नाही, तरी येथल्या पाण्याची व गटारांची काळजी त्यांनी वाहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १९०७ साली 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांनी देह ठेवला.

मग आजारी माणसानेही असेच राबावे काय? मुळीच नाही. बाई आपली शक्ती मोजूनमापून खर्चीत. भेटीस एका वेळी एकच माणूस, तोही ठरल्या वेळी. त्यांच्या हाताशी पैसा होता, नोकरचाकर होते. इतके असूनही हे दुखणे मनाचे, किंवा लोकांना टाळण्यासाठी घेतलेले सोंग, असे म्हणणारे निघालेच. १९९५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सप्रमाण मांडण्यात आले, की तो ब्रुसेलोसिस असावा. न तापवलेल्या दुधातून जडणारा हा रोग वर्षानुवर्षे माणसाला जायबंदी करू शकतो.

क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणून जो आजार आज ओळखला जातो, त्याच्या जागृतीसाठी १९९२ पासून बाईंचा जन्मदिवस पाळतात, तो याच कारणाने. पुष्कळदा एखाद्या तापानंतर किंवा संसर्गानंतर हा आजार सुरू होतो. सहा महिने उलटले तरी थकवा जात नाही, झोपून उठल्यावर हुशारी वाटत नाही, उभे राहिले की भोवळ येते, साधी गोष्ट आठवत नाही. मुख्य खूण ही, की श्रमानंतर दुखणे बळावते, आणि तेही बहुधा एकदोन दिवसांनी. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. तो निश्चित दाखवील अशी एकही तपासणी अद्याप नाही, आणि म्हणूनच रुग्णावर विश्वास बसत नाही.

आपल्या हिंजवडीतच पाहा. म्हातोबाच्या उत्सवात पाहुण्यांचा स्वयंपाक हसतमुखाने उरकणारी सून तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाही. कंपनीतून परतलेली लेक सुट्टीचा दिवस पडून काढते. आपण चटकन म्हणतो, आळशी आहे, नाटक करते. भगिनींनो, तो शब्द ओठांवर येण्याआधी थोडे थांबावे. तिला डॉक्टरांकडे न्यावे. रक्तक्षय, थायरॉईड, क्षय, मधुमेह यांपैकी काही नाही ना, हे तपासून घ्यावे. कशातच काही न सापडले, तरी तिला खोटी ठरवू नये. चालून-फिरून अंग मोकळे होईल म्हणून बळेच श्रमाला लावू नये. या आजारात त्याने अपाय होतो. झेपेल तेवढेच काम आणि दमण्यापूर्वी विसावा, हाच मार्ग.

नाइटिंगेलबाईंची खोली शांत ठेवायला माणसे होती. आपल्या घरातील थकलेल्या बाईसाठी ते आपणच करायचे आहे.