श्रीमाधवेंद्रपुरी आणि रेमुण्याची क्षीर

मंदिरातील पाकशाळा हे पूजास्थानच होय. गाभाऱ्यात पुजारी जी सेवा गंध, पुष्प आणि दीप यांनी करतो, तीच सेवा आचारी अग्नी, जल आणि अन्न यांनी करीत असतो. परंतु त्याच्या सेवेला एक कठीण नियम आहे. ज्या पदार्थासाठी तो पहाटेपासून चुलीपुढे तापतो, त्याची चव नैवेद्यापूर्वी त्याने पाहावयाची नसते. त्याचा सुवासही मुद्दाम घ्यावयाचा नसतो. पुरीच्या श्रीजगन्नाथमंदिरातील सुआर म्हणजे आचारी तर तोंडाला वस्त्र बांधूनच रांधतात. मीठ कमी पडले की अधिक झाले, हे पाहण्यासाठीसुद्धा जिभेचा उपयोग नाही. कारण पहिला घास भगवंताचा. या नियमाचे मर्म ज्या महात्म्याच्या चरित्रात स्वच्छ उमटले आहे, ते श्रीमाधवेंद्रपुरी होत.

माधवेंद्रपुरी हे पंधराव्या शतकातील थोर संन्यासी. त्यांचे शिष्य ईश्वरपुरी. आणि या ईश्वरपुरींकडूनच श्रीचैतन्य महाप्रभूंना गया क्षेत्री मंत्रदीक्षा मिळाली. बंगाल आणि ओरिसा या प्रांतांत पुढे प्रेमभक्तीचा जो वृक्ष फोफावला, त्याचे बीज माधवेंद्रपुरी मानले जातात. त्यांचे चरित्र कृष्णदास कविराजांच्या चैतन्यचरितामृत ग्रंथात विस्ताराने आले आहे. त्यांची वृत्ती अयाचित होती. कोणी आपण होऊन अन्न दिले तर ते घेत. न दिले तर उपवास करीत. परंतु मागत कोणाकडेही नसत.

तीर्थाटन करीत ते व्रजभूमीत आले. गोवर्धनाची परिक्रमा करून, गोविंदकुंडात स्नान करून, सायंकाळी ते एका वृक्षाखाली उपाशीच बसले होते. इतक्यात एक गोपबालक दुधाचे भांडे घेऊन आला. या गावात कोणी उपाशी राहत नसतो, असे सांगून त्याने दूध दिले आणि तो निघून गेला. भांडे परत नेण्यास मात्र तो आला नाही. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी माधवेंद्रांना स्वप्न पडले. तोच बालक त्यांचा हात धरून त्यांना एका झाडीत घेऊन गेला. आपण या डोंगराचा गोपाळ आहो, परचक्राच्या भयाने पुजाऱ्याने आपणास येथे लपविले, तेव्हापासून आपण थंडी, पाऊस आणि ऊन सोशीत आहो, असे त्याने सांगितले.

प्रातःकाळी माधवेंद्रांनी गावकऱ्यांना जमविले. कुऱ्हाडी आणि कुदळी घेऊन लोकांनी झाडी तोडली. गवतमातीखाली झाकलेली मूर्ती सापडली. ती डोंगरमाथ्यावर नेऊन शिळेच्या आसनावर बसविली. महाभिषेक झाला आणि मग आरंभ झाला तो एका अपूर्व पाकयज्ञाचा. गावात तांदूळ, डाळी, पीठ, जे काही होते ते सर्व लोकांनी आणले. कुंभारांनी आपल्या घरची सारी मडकी आणून दिली. दहा ब्राह्मण भात शिजवू लागले, पाच जण भाज्या आणि कालवणे करू लागले, पाचसात जण पोळ्या भाजू लागले. नव्या वस्त्रावर पळसाची पाने अंथरून त्यांवर भाताची रास घातली; भोवती पोळ्यांचे लहान डोंगर रचले; त्यांच्यालगत डाळी, भाज्या, दूध, दही आणि शिखरिणी यांची मडकी मांडली. हाच तो अन्नकूट. ज्या संन्याशाने स्वतःसाठी कधी मूठभर धान्य मागितले नव्हते, त्याने गोपाळासाठी अन्नाचा पर्वत उभा केला! नैवेद्यानंतर आबालवृद्ध सर्वांना प्रसाद मिळाला. पुढे आसपासचे एकेक गाव पाळीपाळीने अन्नकूट करू लागले.

हाच गोपाळ पुढे श्रीनाथजी या नावाने वल्लभसंप्रदायाच्या सेवेत राहिला आणि इ. स. १६७२ मध्ये मेवाडात नाथद्वारी विराजमान झाला, अशी वैष्णवांची श्रद्धा आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे होणारा अन्नकूट आजही सर्वत्र प्रसिद्ध आहे.

दोन वर्षे अशी सेवा चालली. मग एके रात्री गोपाळाने स्वप्नात सांगितले की, आपल्या अंगाचा दाह अजून शमला नाही; नीलाचलाहून मलयचंदन आणून त्याचा लेप करावा. माधवेंद्रांनी सेवेची व्यवस्था लावली आणि ते वृद्ध संन्यासी पायी पूर्वेकडे निघाले. शांतिपुरास अद्वैताचार्यांना दीक्षा देऊन ते ओरिसातील बालेश्वराजवळच्या रेमुणा या गावी आले.

रेमुण्यास श्रीगोपीनाथाचे मंदिर आहे. मूर्तीचे दर्शन घेऊन माधवेंद्र प्रेमविव्हल झाले. नंतर त्यांनी पुजाऱ्याला देवाच्या नैवेद्याविषयी विचारले. आपल्या गोपाळाला जे उत्तम ते मिळावे, हाच त्या विचारण्याचा हेतू. पुजाऱ्याने सांगितले की, सायंकाळी अमृतकेली नावाची आटीव दुधाची क्षीर बारा मातीच्या भांड्यांत भरून देवापुढे ठेवतात. तिच्यासारखी क्षीर दुसरीकडे कोठे होत नाही. हे बोलणे चालू असतानाच नैवेद्य गाभाऱ्यात गेला. तेव्हा माधवेंद्रांच्या मनात एक विचार येऊन गेला. या क्षिरीचा थोडासा प्रसाद न मागता मिळाला, तर तिची चव कळेल. आणि तशीच क्षीर आपल्याला गोपाळासाठी करता येईल.

विचार उठला मात्र आणि तत्क्षणी त्यांना विलक्षण लाज वाटली. देवाच्या मुखी नैवेद्य लागला नाही तोच आपली जीभ त्याच्याकडे वळली, हा आपल्या हातून अपराध घडला, असे त्यांना वाटले. त्यांनी विष्णुस्मरण केले. आरती होताच त्यांनी नमस्कार केला आणि कोणाशी एक अक्षरही न बोलता ते मंदिराबाहेर पडले. रात्री ओस पडलेल्या गावच्या बाजारात ते नामकीर्तन करीत बसले.

इकडे पुजारी सर्व कामे आटोपून निजला. स्वप्नात गोपीनाथाने त्याला उठविले. आपण आपल्या वस्त्राच्या पदराआड क्षिरीचे एक भांडे लपवून ठेवले आहे, बाजारात माधवपुरी नावाचा संन्यासी बसला आहे, ते त्याला नेऊन द्यावे, अशी आज्ञा झाली. पुजारी चकित झाला. त्याने स्नान करून गाभारा उघडला, तो पदराआड खरोखरच भांडे होते! ते घेऊन तो बाजारात संन्याशाच्या नावाने हाका मारीत फिरू लागला. माधवेंद्र सापडताच त्याने ते भांडे त्यांच्यापुढे ठेवले, सर्व वृत्तांत सांगितला आणि साष्टांग नमस्कार घातला. भक्तासाठी क्षीर चोरणारा तो देव त्या दिवसापासून क्षीरचोर गोपीनाथ झाला.

माधवेंद्रांनी सद्गदित होऊन प्रसाद घेतला. मग ते भांडे धुऊन, फोडून त्याचे तुकडे त्यांनी वस्त्रात बांधले. पुढे रोज त्यांतील एक तुकडा ते प्रसाद म्हणून सेवन करीत. परंतु सकाळ होताच ही वार्ता पसरेल आणि लोक आपल्याभोवती गोळा होतील, या भयाने ते पहाटेपूर्वीच नीलाचलाकडे निघून गेले. कीर्ती मात्र त्यांच्याआधीच तेथे पोचली होती!

पुरीस जगन्नाथाच्या सेवकांनी राजाच्या अधिकाऱ्यांकडून त्यांना एक मण चंदन आणि वीस तोळे कापूर मिळवून दिला. ओझ्यासाठी एक ब्राह्मण आणि एक सेवक बरोबर दिला. जकातीच्या नाक्यांवर अडवणूक होऊ नये म्हणून राजपत्रही दिले. परत येताना रेमुण्यास मुक्काम झाला, तेव्हा गोपाळाने स्वप्नात सांगितले की, गोपीनाथाचे आणि आपले अंग एकच आहे. हे चंदन येथेच गोपीनाथाला लावावे, म्हणजे आपला दाह शमेल. माधवेंद्रांनी शंका घेतली नाही. रोज चौघे जण चंदन उगाळीत. सारा उन्हाळा गोपीनाथाला लेप होत राहिला. आणि चंदन संपल्यावरच माधवेंद्र तेथून हलले.

इ. स. १५१० मध्ये संन्यास घेऊन पुरीस जाताना श्रीचैतन्य रेमुण्यास थांबले. त्यांनी हीच कथा आपल्या सोबत्यांना सांगितली. पुजाऱ्याने क्षिरीची बारा भांडी पुढे ठेवली, त्यांतून पाच घेऊन सात त्यांनी परत केली.

आता विचार करावयाचा तो एवढाच की, माधवेंद्रांच्या मनात उठलेली इच्छा दोष होती की सेवा? स्वतः त्यांनी तिला दोष मानले. भगवंतांनी तिला सेवा मानून भांडे लपवून ठेवले. दोन्ही गोष्टी यथार्थ आहेत. जी इच्छा जिभेसाठी उठते ती बांधते. जी प्रभूसाठी उठते ती सोडविते. परंतु हे दोन प्रवाह मनुष्याच्या मनात इतके एकमेकांलगत वाहतात की, सेवकाने आपल्या इच्छेकडे नेहमी संशयानेच पाहावे आणि निर्णय प्रभूवर सोपवावा. माधवेंद्रांनी आपल्या बाजूने काहीही समर्थन केले नाही, म्हणूनच देवाला त्यांची बाजू घ्यावी लागली.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी केवळ आपल्यासाठी रांधलेल्या अन्नाचा निषेध आणि यज्ञशेषाची प्रशंसा केली आहे. हा उपदेश मंदिराच्या आचाऱ्यासाठी जितका, तितकाच गृहस्थाच्या चुलीसाठीही आहे. घरात बारा भांडी क्षीर नसेल. भात आणि वरण असेल, कधी नुसती भाकरीच असेल. शिजविताना ते आपल्यासाठी नव्हे असे स्मरण राहिले, देवापुढे ठेवून, दारी आलेल्याला देऊन मग ते वाढले गेले, तर त्या घराची चूल आणि गोपीनाथाची पाकशाळा यांत अंतर उरत नाही.