कैलास लेण्याचा राजा आणि ‘अनट्रस्टेड सर्टिफिकेट’

ऑफिसच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर उघडताना ‘हे सर्टिफिकेट विश्वसनीय नाही’ असा मेसेज येतो आणि काम तिथेच अडतं. हा प्रकार नेमका काय, हे समजायला आज वेरूळला जाऊया. तिथलं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे, त्या राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची ही गोष्ट. त्याचं हे श्रेयसुद्धा एका सर्टिफिकेटवरच टिकून आहे!

पुतण्यानंतर काका

राष्ट्रकूटांची सत्ता उभी केली दंतिदुर्गाने. त्याने बदामीच्या चालुक्यांना हरवलं, पण त्याला मुलगा नव्हता. सन 756च्या सुमारास तो वारला आणि गादी मिळाली त्याच्या काकाला, म्हणजे कृष्णाला. कृष्णाने चालुक्य कीर्तिवर्मन दुसरा याचा उरलासुरला जोर मोडला, दक्षिणेत गंगांच्या मुलखावर स्वारी केली आणि युवराज गोविंदला वेंगीवर पाठवलं.

तांब्यावरची सही

एवढ्या मोठ्या राज्यात राजाचा हुकूम खरा की खोटा, हे गावातल्या माणसाने ओळखायचं कसं? त्यासाठी ताम्रपट होते. कृष्णाचे असे ताम्रपट पुण्याजवळ तळेगावला (सन 768) आणि चंद्रपूर जिल्ह्यात भांदकला (सन 772) सापडले आहेत.

ताम्रपटाचे पत्रे एका कडीत ओवायचे आणि कडीची टोकं जोडून वर राजमुद्रा बसवायची. कडी तोडल्याशिवाय मधला पत्रा बदलता येत नसे. डिजिटल सिग्नेचर हेच काम गणिताने करते. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही.

मजकुराच्या सुरुवातीला वंशावळ असायची, म्हणजे देणाऱ्याचा अधिकार कुठून आला ते कळायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आळते नव्हे, तर आळास गावचा सन 770च्या सुमाराचा ताम्रपट युवराज गोविंदने दिलेला आहे. युवराजाचा अधिकार राजाकडून आलेला. आपल्या भाषेत राजा म्हणजे रूट सर्टिफिकेट आणि युवराज म्हणजे इंटरमीजिएट.

खोटे ताम्रपटही निघायचे बरं का! उत्तरेत हर्षवर्धनाने बनावट ताम्रपटावर बळकावलेलं एक गाव काढून घेतलं आणि तो पत्रा मोडून टाकला. आज सर्टिफिकेट ‘रिव्होक’ करतात, ते हेच.

कैलास कोणाचं?

सन 773च्या सुमारास कृष्ण गेला. त्याच्यामागे गोविंद आणि मग धाकटा मुलगा ध्रुव राजा झाला. गंमत म्हणजे ‘हे मी बांधलं’ असा कृष्णाचा शिलालेख कैलास लेण्यात नाही. पुरावा मिळतो तो बडोद्याला सापडलेल्या सन 812च्या सुमाराच्या ताम्रपटात. तो दिला गुजरातच्या शाखेतल्या कर्काने. कर्काचे वडील इंद्र, इंद्राचे वडील ध्रुव आणि ध्रुवाचे वडील कृष्ण. एलापूरचं, म्हणजे वेरूळचं, थक्क करणारं शिवमंदिर कृष्णाने उभारलं, असं हा पणतू सांगतो. काम दंतिदुर्गाच्या काळातच सुरू झालं असावं, असंही काही अभ्यासक मानतात.

तुमची साखळी कुठे तुटली?

आता तो मेसेज आला, तर क्रमाने बघा:

1. लॅपटॉपची तारीख आणि वेळ बरोबर आहे का? घड्याळ चुकलं की चांगलं सर्टिफिकेटही मुदतबाह्य दिसतं.
2. सर्टिफिकेटची मुदत खरंच संपली आहे का? त्यावरचं नाव आणि तुम्ही उघडलेला पत्ता जुळतो का?
3. सर्व्हर इंटरमीजिएट पाठवतोय का? मधला युवराज गायब असेल तर साखळी राजापर्यंत पोहोचतच नाही.
4. कंपनीचं स्वतःचं रूट असेल, तर ते तुमच्या मशीनच्या ट्रस्ट स्टोअरमध्ये आहे का? नसेल तर आयटी टीमकडूनच घ्या, कुणी चॅटवर पाठवलेली फाइल टाकू नका.

कारण न शोधता ‘तरीही पुढे जा’ दाबणं म्हणजे मुद्रा न बघता गाव देऊन टाकणं!

कैलास परग्रहवासीयांनी बांधलं, असे व्हिडिओ तुम्हालाही येत असतील. त्यांनाही हाच प्रश्न विचारा: हे सांगतंय कोण, आणि त्याची साखळी कुठपर्यंत जाते? कर्काची साखळी चार पिढ्यांत थेट कृष्णापर्यंत पोहोचते.