कावसजीचे नाक

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका मराठी गाडीवानाचे चित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या कपाळावर व्रणाची खूण होती आणि चेहऱ्याच्या मध्यभागी एक नवे नाक होते. त्याचे नाव कावसजी. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे नाव जगभर घेतले जाते. पुण्यात, जेथे त्याला ते नाक मिळाले, तेथे मात्र ते फारसे कोणाच्या कानावर नाही. नाव पारशी वळणाचे वाटते, परंतु वृत्तांत लिहिणाऱ्याने तो शेतकरी मराठा असल्याचे स्पष्ट नमूद केले आहे. इंग्रजी कानाने मूळ नावाचे काय केले असेल, हे ज्याने त्याने ताडावे.

कावसजी हा इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करी. काळ होता १७९० ते १७९२ च्या म्हैसूर युद्धाचा. एका बाजूस टिपू सुलतान, तर दुसऱ्या बाजूस इंग्रज, निजाम आणि पेशवे. या युद्धाच्या वर्णनात सेनापतींची नावे भरपूर येतात. पण त्याचे पारडे एका प्रसंगी खाली-वर झाले ते बैलांमुळे. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोचला आणि आपल्या अवजड तोफा आपल्याच हाताने निकामी करून मागे फिरला. तोफा ओढणारे बैल मेले होते आणि छावणीतील दाणागोटा संपला होता. त्याच सुमारास हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठी बाजारातील धान्यावर इंग्रजी छावणी तगली. बिद्रीच्या साखर कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्या जाताना ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना वाहतुकीच्या साखळीत गाडीवानाचे स्थान कोणते हे सांगावयास नको. त्याच्यावाचून सारे अडते आणि हिशेबात तो सर्वांत शेवटी येतो.

असा हा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. शत्रूची रसद तोडावयाची तर रसद वाहणाऱ्यांना धाक बसविणे हा त्यातला सरळ व्यवहार होता. नाक कापण्याची शिक्षा काही एकट्या म्हैसूरची नव्हे. देशातील अनेक दरबारांत ती चाले. हात गेला तर माणूस कामास मुकतो, नाक गेले तर समाजास मुकतो. अब्रू गेली हे सांगण्यासाठी मराठी माणूस नाक कापले गेले असे म्हणतो, आणि या वाक्प्रचारामागे खरोखरीची कापलेली नाके आहेत याचा आज सोयीस्कर विसर पडला आहे.

कावसजी त्याच स्थितीत श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या इंग्रजी फौजेला येऊन मिळाला आणि पुढे कंपनीचे निवृत्तिवेतन त्याला मिळू लागले. पोटाची सोय झाली. चेहऱ्याची झाली नाही. सुमारे बारा महिने तो बिननाकाचा वावरला. नंतर, म्हणजे १७९३ च्या मार्चच्या सुमारास, पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. हा कारागीर वैद्य नव्हता, शास्त्री नव्हता. विटा पाडणाऱ्या जातीचा, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार होता. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली, म्हणून तिचा तपशील हाती लागला.

तो तपशील सावकाश वाचण्याजोगा आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या रेघेच्या आतील कातडी सोडवून घ्यावयाची. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची. नव्या जागी कातडी रुजेपर्यंत रक्त तिला या पट्टीतूनच मिळते. बुंध्यावरचा जुना व्रण तासून काढावयाचा, नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत छेद घ्यावयाचा आणि कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणून तिच्या कडा त्या छेदात बसवावयाच्या. त्यावर पाण्यात मऊ केलेल्या काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पाचसहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस त्यांना हात लावावयाचा नाही. पुढे तुपात भिजविलेले कापड. रोग्याने पाचसहा दिवस उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून नाक थोडे तासून साफ करावयाचे. ईथरची गुंगी जगाला मिळाली ती १८४६ मध्ये. तेव्हा हे सारे रोग्याने शुद्धीवर राहून सोसले, हे वेगळे सांगावयास नको.

युरोपला हे सर्वस्वी अपूर्व वाटले. तेथे सोळाव्या शतकात बोलोन्याच्या ताग्लिआकोत्सीने दंडाच्या कातडीचे नाक करण्याची पद्धत ग्रंथबद्ध केली होती, पण ती विस्मृतीत गेली होती. तीत दंड काही आठवडे चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे. एकच हात उरलेल्या कावसजीला ती कितपत सोसवली असती? आपल्याकडे मात्र या कुंभाराची पद्धत सुश्रुताची म्हणून सांगण्याचा प्रघात पडला आहे, तोही बरोबर नाही. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची त्वचा वापरावयास सांगितले आहे. गालावरून कपाळावर येणे ही साधी गोष्ट नव्हे. दिसत्या गालावर नवा व्रण न आणता, भरपूर रक्तपुरवठा असलेल्या कपाळाची कातडी घ्यावी हे कोणाला तरी, कधी तरी, अनुभवाने सुचले. कालांतराने कपाळावरचा व्रण फारसा दिसत नाही, असा शेरा मूळ वृत्तांतातच आहे.

आजचे शल्यविद नाकाच्या मोठ्या दोषांसाठी अजूनही कपाळाची कातडी वापरतात आणि जोडपट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. अमेरिकेतील बर्गेट व मेनिक यांनी १९८५ मध्ये असे मांडले की नाकाचे जे नैसर्गिक भाग पडतात त्यांच्या सीमेवर व्रण आणला तर तो सावलीत लपतो. नाकपुडीच्या कडेने छेद घेणाऱ्या कुंभाराचा हात त्याच दिशेने गेला होता. पद्धतीत उणीव नव्हती असे नाही. नव्या नाकाला आतून अस्तर नसे, त्यामुळे ते पुढे आक्रसण्याचा संभव राही. हा दोष युरोपातील शल्यविदांनी एकोणिसाव्या शतकात ओळखला व सुधारला.

त्यांना तो सुधारता आला, कारण त्यांनी तो लिहिला. कावसजीचे चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढले. सवाई माधवरावांचे चित्र काढणारा वेल्स तो हाच. मासिकातील वृत्तांत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने आधी मृतदेहांवर सराव केला, ऑक्टोबर १८१४ मध्ये पहिल्या रोग्याला नाक बसविले आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी शस्त्रक्रियांचे पुस्तक प्रसिद्ध केले. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफेने आपल्या ग्रंथाच्या नावात ‘प्लास्टिक’ हा शब्द योजला. तो मूळ ग्रीक शब्द मातीला आकार देण्याच्या कलेचा. योगायोगाने कुंभाराच्या धंद्याचेच नाव या शास्त्राला मिळाले.

कुंभाराचे स्वतःचे नाव मात्र कोठेच नाही. गाडीवानाचे आहे, चित्रकाराचे आहे, पाहणाऱ्या दोघांचे आहे. याचा सारा दोष इंग्रजांवर ढकलून मोकळे होता येणार नाही. पेशवाईच्या पुण्यात लिहिणारे पुष्कळ होते. दक्षिणा, मुलूखगिरी, देणे-घेणे यांची दफ्तरे भरभरून राहिली. विटा पाडणाऱ्याच्या हातातील विद्या लिहून ठेवण्याजोगी आहे असे त्यांपैकी कोणाला वाटले नाही. आणि त्या कारागिराच्या बाजूने पाहिले तर ती विद्या म्हणजे घरचे भांडवल. ते उघड करून त्याला काय मिळणार होते? बापाने मुलास दाखवावयाचे, मुलाने नातवास. जे ज्ञान जातीच्या उंबऱ्याआड राहते त्यात भर पडण्याचे मार्ग थोडे, आणि एक पिढी दुसऱ्या धंद्यास लागली की ते संपतेच. भांडवल बाजारात आले असते तर वाढले असते, हे अर्थशास्त्रातील साधे विधान. पण बाजारात येण्यासाठी आधी पत लागते, आणि ती त्या कुंभाराला कोण देणार होते?

पुढे ही विद्या महाराष्ट्रात आली ती इस्पितळाच्या दाराने. १९५८ मध्ये नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा देशातील पहिला स्वतंत्र विभाग उभा केला. आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेले डॉ. नोशीर अंटिया पुण्याजवळच कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात, रोगाने बसलेली नाके पुन्हा उभी करू लागले.